लंडन सोडून शेफील्ड

महोदय,
इंग्लंडमधल्या मराठी माणसांविषयी छापून येते ते बहुधा लंडनचेच. म्हणून हे पत्र.

लंडनच्या वेम्ब्ली भागात बारा वर्षे आम्ही चौघे दोन खोल्यांत राहिलो. थोरली माध्यमिक शाळेत जायच्या आत हलायचे ठरवले, कारण इथे सरकारी शाळेचा प्रवेश बऱ्याचदा घर किती जवळ आहे यावर ठरतो.

यॉर्क देखणे, पण आमच्या खिशाबाहेरचे. मँचेस्टर यजमानांना पसंत. मला तिथे पुन्हा लंडनचाच गोंगाट ऐकू आला. लीड्स जवळजवळ नक्की झाले होते. नोकऱ्या आहेत, लंडनची गाडी सव्वादोन तासांत. पण एवढ्या मोठ्या शहराला ना मेट्रो, ना ट्राम! ट्रामची योजना सरकारने २००५ मध्येच गुंडाळली. पावसात चाळीस मिनिटे बसची वाट पाहिली आणि माझे मत फिरले.

शेफील्डला १९९४ पासून ट्राम आहे. शहराच्या हद्दीतला सुमारे एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. शहरातल्या वॉकली भागात घर बघायला गेलो तेव्हा चढावर धाप लागली. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर रस्ता दाखवला तर म्हणाल्या, "अगं, हा तर आपला यवतेश्वरचा घाट!"

घर तिथेच घेतले. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कढीपत्त्यासाठी आता बस बदलावी लागते. शेजारच्या आजी कुकरच्या शिट्टीला अजून दचकतात. परवा विचारत होत्या, आत नक्की काय चाललंय?

– एक वाचक, शेफील्ड