अंगठा जुळला, म्हणून पात्र?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेशनवरील ‘बोगस लाभार्थ्यां’ची नावे यादीतून काढा, अशी मागणी करणारी आपल्या पत्रस्तंभातील चर्चा मी वाचतो आहे. गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका सोसायटीच्या रेशन दुकानात मी बरीच वर्षे वजनकाट्यामागे उभा राहिलो असल्याने चार शब्द लिहावेसे वाटले.

दारात चारचाकी उभी असलेली घरेही लाभार्थ्यांच्या यादीत आहेत, हे मी नाकारणार नाही. अशा घरांना मी स्वतः तांदूळ मोजून दिला आहे; मिळाला तो तांदूळ रोजच्या जेवणातला उकडा (भात उकडून काढलेला तांदूळ) नसला की तो कोंबड्यांपुढे पडलेला किंवा नाक्यावरच्या दुकानात विकला गेलेलाही पाहिला आहे. यात केवळ सरकारचा पैसा जातो असे नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याखाली प्रत्येक राज्याची लाभार्थीसंख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरवून दिलेली आहे आणि गोव्यासाठी ती सुमारे ५.३२ लाख आहे. पाने मोजूनच मांडलेल्या या पंगतीत आगंतुक बसला की कोणीतरी गरजू दाराबाहेर राहणार, हे उघड आहे. तेव्हा अपात्रांची नावे काढलीच पाहिजेत, याबद्दल पूर्वीच्या पत्रलेखकांशी माझा वाद नाही.

वाद आहे तो अपात्र कोण हे ठरवण्याच्या रीतीविषयी. दुकानात अंगठ्याचा ठसा तपासणारे मशीन आले, आधार जोडले, ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी झाली, म्हणजे लबाडी संपली असे गृहीत धरले जाते. मशीन फक्त एवढेच पाहते की समोरचा माणूस कार्डावरचाच आहे की नाही. तो गरीब आहे का, हे त्याला कळत नाही. चारचाकीवाल्याचा अंगठा पहिल्याच खेपेला जुळतो. पावतीवर वीस किलो आणि पिशवीत अठरा, हा प्रकारही काटा मशीनला जोडलेला नसेल तर तसाच चालू राहतो. (मापात मारणारे सगळेच दुकानदार नसतात, गोदामातून आलेले पोतेच कमी भरले, तर तो तरी तूट कुठून भरून काढणार?)

अंगठा जुळत नाही तो कोणाचा, हेही सांगतो. आमच्या वाड्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांची उमेदीची वर्षे काजूच्या कारखान्यात बिया फोडण्यात गेली. टरफलातल्या चिकाने बोटांची कातडी इतक्यांदा सोलली गेली, की आज त्यांची बोटे काचेसारखी गुळगुळीत आहेत. मशीनवर दहाही बोटे ठेवून झाली. उरला मार्ग ओटीपीचा. परंतु आधारला जोडलेला मोबाईल भाच्याचा, आणि भाचा वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामाला, जिथे पाळीच्या वेळेत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्याच्या जेवणाच्या सुट्टीत ओटीपी येईल या आशेवर या बाई पाच किलो धान्यासाठी दुकानाच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहतात. दोनदा तर सुट्टी चुकली आणि त्या रिकामी पिशवी घेऊन परतल्या. ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवता येणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधारविषयक निकालात नोंदलेली आहे. ती आमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि तेव्हापासून ‘फुकटे’ हा शब्द फारच सैल वापरला जाऊ लागला आहे. कोविडकाळात खरेदी केलेली दोनशे टनांहून अधिक तूरडाळ याच गोव्यात सरकारी गोदामांत सडल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले, तेव्हा त्या नासाडीत कोणा कार्डधारकाचा अंगठा लागला नव्हता.

याच कायद्याच्या २८ व्या कलमात सामाजिक लेखापरीक्षणाची आणि २९ व्या कलमात दक्षता समित्यांची तरतूद आहे. त्या कागदावर न ठेवता दर महिन्याला दुकानात किती पोती आली आणि किती वाटली गेली, हे पंचायतीच्या फलकावर लावावे. लाभार्थ्यांची यादीही तिथेच लागावी. ग्रामसभेत उठून स्वतःच्या मेव्हण्याचे नाव कोणी घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हरकती लेखी घ्याव्यात, हरकत घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे आणि निरीक्षकाने प्रत्यक्ष घरी जाऊन खातरजमा करावी. नाव कमी करायचे झाल्यास कारण लिहिलेली मराठी किंवा कोकणी नोटीस आधी हाती पडावी, उत्तराला महिनाभर मुदत असावी आणि तोवर धान्य बंद होऊ नये. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांची नावे दुकानातील वेगळ्या वहीत लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन धान्य द्यावे. पूर्वी आम्ही वहीवरच वाटप करत होतो. त्या वहीतही लबाडी होत असे हे खरे, पण अशा मोजक्या नावांची वही तपासायला निरीक्षकाला अर्धा तासही लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त रेशन विक्रेता, डिचोली