थंडी वाजली तर

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

एसटीतून उतरलो तो थेट द्राक्षाच्या बागेत. खरड छाटणीची माणसं ठरलेली, नाहीतर दवाखान्यातून पाय निघत नव्हता. निघताना तू बोलला नाहीस. बरोबरच आहे.

काविळीच्या औषधवाल्याकडं तुझ्या आईला मीच नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळंधमक झालं आणि मला वाटलं, उतरली कावीळ. त्यात १५ दिवस गेले. लघवी काळ्या चहासारखी, संडास शाडूसारखी पांढरी, रात्रभर अंगाला खाज. ती सांगत होती आणि मी पथ्याचा भात वाढत होतो.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, तेव्हा कळलं. गाठ स्वादुपिंडात, तिनं पित्ताची नळी दाबलीय. आपल्या ड्रिपसारखंच. पण ड्रिपची लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी, चोकली तर आपण ॲसिड सोडतो. पित्त वाहतं राहावं म्हणून तिच्या आत घातलेली ही प्लॅस्टिकची नळी जेमतेम ३ मिलिमीटरची, तीनेक महिन्यांत तुंबते, मग बदलायचीच. आधीही तुंबू शकते. तुंबली की थंडी वाजून ताप येतो. गोळी देऊन सकाळची वाट बघू नकोस, रात्रीचे दोन वाजले तरी उचलून ने. तपासायला पाठवलेल्या गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला की धातूच्या जाळीची टाकायचं म्हणतायत. ती आत उघडून सेंटिमीटरभर होते, जास्त टिकते. पैशाकडं बघू नकोस, बेदाणा काढतो विकायला.

तुला हे माहीतच आहे म्हणा. केमो लगेच का नाही, हे तूच विचारलंस. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, १८ वरून खाली आल्याशिवाय झेपणार नाही म्हणाले, तेव्हा तू आकडे वहीत लिहून घेत होतास. मी नुसता बघत होतो, बरं वाटत होतं. आणि आता तुलाच शिकवतोय. राग मानू नकोस.

तू जन्मलास तो पिवळाच. सांगलीत निळ्या दिव्याखाली ठेवलेलं, डोळ्यांवर पट्टी. हिचे टाके ओले, तरी तीन रात्री स्टुलावर बसून होती. चौथ्या दिवशी तुला घरी आणलं. कावीळ म्हणजे जाणारच, हे तेव्हापासून डोक्यात बसलं असावं.

तिची नखं कापत जा, झोपेत ओरबाडते. डाव्या करंगळीचं जपून काप, मागं माझ्याकडून लागलंय.

थर्मामीटर उशाशी आहे ना? ताप नसला तरी रात्री 'नाही' एवढं कळवत जा.

तुझा,
दादा