चिऊच्या गोष्टीतला चिमणा कुठे गेला?

मा. संपादक,

शूर मुलींच्या गोष्टी हल्ली बऱ्याच येतात, चांगलंच आहे, पण घरातलं काम करणारा मुलगा कुठल्या गोष्टीत दिसतो का ते सांगा. आपली चिऊ-काऊचीच घ्या ना. कावळा पावसात भिजत दार वाजवतोय आणि चिऊ आतून म्हणते थांब बाळाला न्हाऊ घालते, थांब बाळाला तीट लावते, सगळं तीच एकटी, चिमणा कुठे आहे कुणी विचारतच नाही! खरा चिमणा घरट्याला काड्या आणतो, पिल्लांना भरवतोसुद्धा. म्हणून मी नातवाला सांगताना तीट चिमण्याला लावायला देतो आणि चिऊ जाऊन दार उघडते. नातवाचं काही अडत नाही, त्याला फक्त कावळा आत आला का एवढंच पाहिजे असतं.

मध्ये ठाण्यातच एका पुस्तक प्रदर्शनाला गेलो तर स्टॉलवाल्याचा पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी? मुलगा म्हटल्याबरोबर डायनासोर नि गाड्या पुढे, आणि पऱ्यांचा गुलाबी गठ्ठा बाजूला. अरे बाबा वय विचार, वाचता येतं का ते विचार!

बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र दिलं, उपदेशाची एक ओळ न लिहिता. असंच पाहिजे, नाहीतर समानतेवरची भाषणवजा पुस्तकं पोरं दोन पानांत मिटतात. आणि सगळं नवीनच लागतं असंही नाही, भोपळ्यातली म्हातारी बघा, एकटी जंगलातून लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते आणि वाघाला चकवते, ही गोष्ट मुलग्यांनाही रंगवून सांगा. राक्षस मारला की अर्धं राज्य आणि राजकन्या बक्षीस, हे मात्र मी गाळतो. तिला कुणी विचारलं का?

आपल्याकडे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, शिवाय गल्लोगल्ली छोट्या लायब्रऱ्या. सुट्टीत मुलांना गोष्टी सांगायला बहुतेक आज्या नि ताया येतात, तिथे बाबांना आणि आमच्यासारख्या रिकाम्या आजोबांनाही बोलवा. आणि तुमच्या पुरवणीत मुलांसाठी गोष्ट छापाल तेव्हा एखादा डबा भरणारा, बाळाला झोपवणारा दादा येऊ द्या की.

– एक आजोबा, नौपाडा, ठाणे