जन्मसाल २०४४: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

'जुनी कोबोल प्रणाली हटवली, आता पेन्शन १ तारखेला बिनचूक' असा शब्द ठाण्यातल्या एका कार्यालयाने दिला होता. (कोबोल ही संगणकाची जुनी प्रोग्रामिंग भाषा.) १२ तारीख उलटली, पैसे नाहीत. उलट नव्या पोर्टलवर १९४४ च्या माणसाचे जन्मसाल २०४४ दिसते. जो अजून जन्मलाच नाही त्याला ऐंशीनंतरची वाढ कशी मिळणार? खिडकीवर उत्तर ठरलेले: "जुन्या भाषेचा घोळ आहे."

साहेब, भाषेला बदनाम करू नका. जुन्या फायलीत साल दोन अंकी, नुसते '४४'. पन्नासच्या आतले आकडे २००० नंतरचे धरायचे, ही वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताना दोन अंकी सालांचा घोळ निस्तरण्याच्या, वेळची तडजोड. कर्जाच्या मुदतीला ती चालते, जन्मतारखेला नाही. कुणीतरी ती सरसकट लावली.

कोबोल १९५९ ची. तिच्या २२० अब्ज ओळी चालू आहेत म्हणतात. मोजल्या कुणी, देव जाणे. पण बँका, विमा, पगार तिच्यावर टिकले, कारण ती पैसे दशमानात, म्हणजे आपल्यासारखे दहाच्या हिशेबात, मोजते. रुपयांचे नऊ अंक, पैशांचे दोन. पॅक्ड, म्हणजे दाटीने भरलेल्या, रूपात अर्ध्या बाइटला (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे माप) एक अंक, शेवटच्या अर्ध्यात अधिक-उणे चिन्ह, झाले सहा बाइट. जावा या नंतरच्या भाषेत रकमेला 'डबल' (दोनाच्या हिशेबात ठेवलेला अपूर्णांक) वापरा, ०.१ अधिक ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ येते. शिवाय 'राउंडेड' (जवळच्या आकड्यावर न्या) लिहिले नसेल तर कोबोल उरलेले दशांश छाटते. नव्या प्रणालीने ते वर ओढले की खात्याखात्यात पैशाचा फरक, आणि ताळा बोंबलला. कुठे छाटायचे, थकबाकी कशी पाडायची, हे बहुतेकदा त्या कोडमध्येच मुरलेले असते, कागदावर सापडत नाही.

आणखी एक नेहमीची चूक: मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकाची, फाइल एब्सिडिक या तिथल्या अक्षर-संकेतातून आस्की या इतर संगणकांच्या संकेतात एका फटक्यात बदलणे. नावे नीट येतात, पॅक्ड रकमांचा चिवडा होतो. कॉपीबुक, म्हणजे फाइलीत कोणता रकाना कुठे आणि कसा आहे हे सांगणारा कोबोलचा आराखडा, समोर ठेवून रकाना-रकाना वेगळा काढावा लागतो. पण ते मागायला निविदा लिहिणाऱ्याने कॉपीबुक हा शब्द ऐकलेला हवा!

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी सगळी खाती हलवली. सुमारे १९ लाख ग्राहक खात्याबाहेर अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये तिला ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड झाला. आपल्याकडे सगळ्यात स्वस्त निविदा, फीत, फोटो, आणि पुढच्या वर्षी नवे ॲप. ऐरोली-महाप्याच्या काचेच्या इमारतींत परदेशी बँकांचा कोबोल रात्रपाळीने सांभाळणारी पोरे आपलीच आहेत. एकाला तरी विचारायचे होते!

मार्चअखेर धरून किमान तीन महिने दोन्ही प्रणाली समांतर चालवा. पैशापर्यंत ताळा जुळेपर्यंत जुनी बंद करू नका. ऐंशीवरच्यांची यादी उद्याच हाताने तपासा. आणि नोव्हेंबरात त्यांच्याकडे हयातीचा दाखला मागाल, तो जन्माआधी कसा द्यायचा, तेही कळवावे.

आपला,
एक पेन्शनर, कोपरी, ठाणे पूर्व