उणे चाळीसचा आकडा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गाडीच्या एसीचा काँप्रेसर बदलायचा निर्णय कृपा करून चार दिवस थांबव. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान −४० दिसतं ही एक तक्रार आणि एसी गार करत नाही ही दुसरी, असं तू लिहिलंयस. मला ती एकच तक्रार वाटते. बाहेर गोठवणारी थंडी आहे असं गाडीच्या कंट्रोलरला, म्हणजे तिच्या छोट्या संगणकाला, कळलं की तो काँप्रेसर सुरूच होऊ देत नाही. बहुतेक गाड्यांत शून्याच्या थोडं वरच ही बंदी लागू होते. तुझा काँप्रेसर ठणठणीत असेलही, त्याला नुसती परवानगी मिळत नसेल.

आणि आकडा नेमका −४०च का, हे समजलं की अर्धं काम झालं. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो, गरमी वाढली की कमी होतो. कंट्रोलर त्याच्याकडे ५ व्होल्ट पाठवतो आणि व्होल्टेज किती पडलं त्यावरून तापमान ठरवतो. आता वायर कुठेतरी तुटली तर काहीच पडत नाही, पूर्ण ५ व्होल्ट तसेच राहतात, आणि कंट्रोलरच्या हिशेबात ती जगातली सगळ्यात कडक थंडी ठरते. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर आकडा भलताच गरम दिसतो. म्हणजे −४०चा आकडा सांगतोय की कुठेतरी जोड तुटलाय. पण तो सेन्सरच्या आत तुटलाय की वायरीत, हे आकडा सांगत नाही. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ००७३ हा कोड आला तरी त्याचा अर्थ एवढाच.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय कारण माझ्या गाडीत हेच झालं होतं. गॅरेजमध्ये कोड वाचला, सेन्सर बदलला, दोन दिवस आकडा बरोबर आला आणि तिसऱ्या दिवशी खड्ड्यातून गाडी गेली तसा पुन्हा −४०. मग मी स्वतः बंपरच्या जाळीमागे हात घातला. कनेक्टरची एक पिन हिरवट पडली होती, ती साफ केली, फरक पडला नाही. मग वायर बोटांत धरून वीतभर वीतभर हळूच ताणत गेलो. एका जागी ती रबरासारखी लांबली. वरचं आवरण अखंड, आतलं तांबं तुटलेलं! नवा सेन्सर बसवताना ती वायर हलली आणि तुटकी टोकं तात्पुरती टेकली, म्हणून ते दोन दिवस.

तू असं कर. इंजिन थंड असू दे, चावी काढ. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. सेन्सर बहुधा पुढच्या बंपरमागे असेल, काही गाड्यांत तो आरशाच्या खोक्यात असतो. त्याचा कनेक्टर काढ. दोनच वायरी असतील तर वायरींच्या बाजूच्या कनेक्टरच्या दोन्ही पिना बारीक तारेने जोड आणि मग चावी फिरव. आकडा −४० वरून उडी मारून गरमीच्या टोकाला गेला, किंवा आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या, तर वायरिंग चांगलं आहे, सेन्सर गेलाय. काहीच बदललं नाही तर सेन्सर विकत घेऊ नकोस, वायर शोध. घाई मात्र करू नकोस, काही गाड्या आकडा मुद्दाम सावकाश बदलतात.

सेन्सरची वेगळी खात्री हवी असेल तर मल्टिमीटर रोध मोजायला ओहमवर ठेवून सेन्सर मुठीत धर. रोध एकसारखा उतरत गेला पाहिजे. मग बर्फाच्या पाण्यात बुडव. माझा २५ अंशांना १० किलोओहम दाखवत होता, बर्फात तिपटीच्या आसपास गेला. तुझ्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, मॅन्युअलमधला तक्ता बघ. मध्येच आकडा उडाला किंवा अनंत दाखवला तर तो खराबच.

हो, नंतर गाडी उन्हात किंवा सिग्नलला उभी असताना आठ-दहा अंश जास्त दिसले तर घाबरू नकोस. तो इंजिनाचा आणि तापलेल्या रस्त्याचा शेक असतो, गाडी चालू लागली की उतरतो.

वायर तुटलेली सापडली तर नुसती पिळून टेप लावू नकोस, डाखून वर उष्णतेने आवळणारी नळी चढव. तिथे सतत पाणी उडतं. आणि पिना जोडल्यावर काय दिसलं ते मला त्याच दिवशी कळव. मी वाट बघतोय.

तुझाच,
जुना सोबती