युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून हाडं मजबूत होत नाहीत

मा. संपादक,

हल्ली गोव्यातल्या आमच्या डिचोली भागात पन्नाशीतला कुठलाही पुरुष रक्त तपासून आला की पहिलं युरिक अ‍ॅसिडच सांगतो (रक्तातलं हे द्रव्य फार वाढलं की सांध्यात त्याचे खडे साचतात), आणि त्यावरून दोन टोकाचे सल्ले चालू असतात. एकजण म्हणतो डाळ, दूध, दही सगळं बंद कर. दुसरा म्हणतो घाबरू नको, युरिक अ‍ॅसिड जास्त असलं की हाडं घट्ट राहतात, संशोधन झालंय, गोळी कशाला घेतोस.

संशोधन झालंय हे खरं आहे. सिडनीत सत्तरीच्या वरच्या पुरुषांवर अभ्यास झाला, २०११ मध्ये आला, त्यात ज्यांचं युरिक अ‍ॅसिड जास्त त्यांच्या हाडांची घनता थोडी जास्त दिसली. युरिक अ‍ॅसिड रक्तात अँटीऑक्सिडंटचं, म्हणजे पेशींची झीज रोखण्याचं काम करतं म्हणून हाडं वाचत असतील असा अंदाज होता. पण जाड माणसाचं युरिक अ‍ॅसिडही जास्त असतं आणि वजन पेलून हाडंही दाट होतात, मग श्रेय नक्की कुणाला द्यायचं? वजनाचा हिशेब धरूनही थोडा संबंध उरतो, म्हणून न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जनुकांकडून तपासलं. ज्यांना जन्मापासूनच युरिक अ‍ॅसिड वाढवणारी जनुकं मिळालीत त्यांची हाडं दाट निघायला हवी होती ना, तसं काही दिसलं नाही. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या वयस्कर लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात युरिक अ‍ॅसिड खूप जास्त असलेल्या पुरुषांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचा धोका उलट वाढलेला सापडला. म्हणजे हाडांसाठी युरिक अ‍ॅसिड चढू द्यायचं याला काही आधार नाही.

या खड्यांमुळे येणाऱ्या संधिवाताचा (गाउटचा) झटका आलेला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. पायाचा अंगठा लालभडक सुजतो, वरून चादर नुसती घासली तरी माणूस कळवळतो. रक्तात साधारण ६.८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेलं की सांध्यात खडे साचायला लागतात, म्हणून असा झटका येऊन गेलेल्यांना डॉक्टर ६ च्या खाली आणायला सांगतात. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी अ‍ॅलोप्युरिनॉल ही ते कमी करणारी गोळी सोडू नये, कळकळीची विनंती आहे.

दूध सोडणाऱ्यांचं तर मला जास्त वाईट वाटतं. सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांना बारा वर्षं पाहून २००४ मध्ये जो अमेरिकन अभ्यास आला त्यात मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना हा संधिवात जास्त झाला, दूधदही घेणाऱ्यांना कमी, आणि डाळी-भाज्यांनी वाढला नाही. आमच्याकडे नेमकं उलट चालतं, बांगड्याचं हुमण (कालवण), सुंगटं (कोळंबी), बिअर, फेणी तशीच चालू आणि दुधाचा पेला तेवढा बंद, म्हणजे अंगठाही दुखतो आणि हाडांना कॅल्शियमही नाही. बांगडा कायमचा सोडा असं मी म्हणत नाही हो, गोंयकाराला ते जमणारही नाही, पण कमी करायचं असेल तर आधी दारू आणि मटण कमी करा.

आणि पुरुषांच्या हाडांकडे कुणी बघतच नाही. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार असं घराघरात ठरलेलं, पण पन्नाशीनंतर जगात पाचातल्या एका पुरुषाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं, आणि खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आहे. विडी-सिगरेट, रोजची दारू, दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, साध्या पडण्याने मोडलेलं मनगट, कमी झालेली उंची, यातलं काही असेल तर डॉक्टरांना हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं विचारा. त्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुणाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर उपचार आहेत.

तुम्ही गावोगावच्या आरोग्य शिबिरांच्या बातम्या छापता, तिथे पुरुषांना यातलं काही विचारतात का एवढं तुमच्या वार्ताहरांनी एकदा बघावं, आणि एखाद्या हाडांच्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा.

आपला,
एक वाचक, डिचोली