पावसाचे फोटो खिडकीतूनही निघतात की

मा. संपादक, स. न.

पाऊस सुरू झाला की पेपरात वाचकांच्या फोटोंचं पान येतं, ते मी आवडीने बघते, पण दरवर्षी तेच हो. भुशी धरण, ताम्हिणी घाट, सिंहगड, खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी आणि बुडालेला भिडे पूल. ते बघून पुढच्या रविवारी अजून गर्दी तिकडेच. ३० जून २०२४ ला भुशीजवळ एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले, १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल पडला, तरी धबधब्यापुढे उभं राहिल्याशिवाय फोटो नाही असंच सगळ्यांना वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की घरातल्या खिडकीतून काढलेल्या फोटोंनाही त्या पानावर जागा द्या.

लगेच कोणीतरी म्हणणार, खिडकीतून कसला फोटो! अहो, कॅमेऱ्याने काढलेला आणि आज शिल्लक असलेला जगातला सगळ्यात जुना फोटो खिडकीतूनच काढलेला आहे, फ्रान्समधल्या निएप्सने, १८२६-२७ च्या सुमारास. प्रागच्या योसेफ सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता, त्याने १९४० पासून कितीतरी वर्षं स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढले, धुकट काच आणि बाहेर एक वाकडं झाड, बस.

आता आपल्याकडे स्लायडिंगच्या खिडक्या, त्यात डासांची जाळी, बाहेर ग्रिल आणि ग्रिलला न वाळलेले कपडे, हे मान्य. आधी जाळी सरकवा, नाहीतर फोटो धुरकट येतो. खोलीतला लाइट बंद, फ्लॅश तर बंदच, नाहीतर पावसाऐवजी काचेत ट्यूबलाइट आणि आपणच दिसतो. फोन काचेला टेकवला की रिफ्लेक्शन जातं, पण मग काचेवरचे थेंब फोकसमध्ये येत नाहीत, त्यासाठी थोडं मागे यावं लागतं आणि रिफ्लेक्शन परत येऊ नये म्हणून आपल्या पाठीमागे काळी ओढणी धरायला घरातलं कोणीतरी पकडावं लागतं (कुरकुर होते). थेंब की समोरची बिल्डिंग यात फोनचा गोंधळ होतो म्हणून थेंबावर बोट दाबून धरायचं, बऱ्याच फोनमध्ये फोकस तिथेच लॉक होतो. नीट बघितलं तर थेंबात समोरची बिल्डिंग उलटी दिसते, कारण थेंब भिंगाचं काम करतो, हे पोरांना दाखवा एकदा.

आणि पाऊस फोटोत दिसतच नाही अशी तक्रार असते, तर पांढऱ्या आभाळाकडे फोन धरल्यावर कसा दिसेल, मागे काहीतरी गडद पाहिजे, झाड किंवा ओली भिंत. फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने करायचा मोड) शटर १/६० सेकंद ठेवलं तर धारांच्या रेघा येतात, १/१००० ला थेंब सुटे दिसतात. पीएमपीच्या बसमधूनही जमतं, फक्त तिथे फोन काचेला टेकवू नका, सगळं थरथरतं.

फोटो छापताना खाली भाग, मजला आणि वेळ द्या, फोनचं मॉडेल नको. पुण्यात पाषाणला धो धो आणि हडपसरला ऊन असं कितीदा होतं, वेधशाळासुद्धा शिवाजीनगर, पाषाण, लोहगावचे आकडे वेगवेगळे देते, मग एकाच दुपारच्या पाच-सहा खिडक्या शेजारी शेजारी छापल्या तर बघायला खरंच मजा येईल. गुडघ्यांमुळे चौथ्या मजल्यावरून खाली न उतरणाऱ्या लोकांचेही फोटो येतील त्यात. ड्रोनवाल्यांना हवं तर रविवार द्या.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे